बाही कोपराखाली

सुमेधा, तुझ्या भाचीचा फोन आला तेव्हा मी मशीनवर बसले होते. "आत्या गेली," ती म्हणाली. मग म्हणाली की आत्याला ओळखणाऱ्या सगळ्यांकडून आठवणी लिहून घेते आहे, तुम्हीपण दोन पानं पाठवा, आम्ही छोटं पुस्तक काढतो आहोत. मी हो म्हटलं. फोन ठेवला, उठले आणि समोरच्या घराकडची खिडकी लावून घेतली.

मला रडू आलं नाही. भीती वाटली. ती भीती अजून गेलेली नाही. सुईत दोरा आता सुनेकडून ओवून घेते. तिला वाटतं वयामुळे.

तुझ्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ मिळतील. तू कुठे शिकलीस, काय शिकवलंस, किती पुस्तकं लिहिलीस, ते तेच लिहितील. मी चौथी पास. मला पोस्टकार्ड लिहिता येतं आणि मापाची वही लिहिता येते. मला जे माहीत आहे ते इतर कोणाला माहीत नाही. तू होतीस तोवर ते दोघींना माहीत होतं.

तू आलीस तेव्हा रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन चारपाच वर्षं झाली होती. रोज कोणीतरी बाहेरून यायचं. बदलीवर आलेले साहेब, रस्ता मोजणारे, घरोघरी फॉर्म भरून घेणारे. माझी वरची भाड्याची खोली पाहायला तू आलीस तेव्हा मला वाटलं, ही पण फॉर्मवालीच. तू म्हणालीस, "मला पुस्तकासाठी इथल्या मराठी घरांतल्या बायकांशी बोलायचं आहे."

"काय बोलाचं हाय?"

"त्यांचं आयुष्य कसं असतं ते."

"कसं असते? सयपाक असते."

तू हसलीस आणि तेवढंसुद्धा वहीत लिहून घेतलंस. मला ते आवडलं नव्हतं. मग पाहिलं की मी काल काय बोलले हे तुला आज शब्दाला शब्द आठवतं. असं माझं बोलणं आजवर कोणी ठेवलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने नाही, मुलाने नाही.

मी ब्लाऊज शिवते म्हणून तात्यापारा आणि ब्राह्मणपारा या मोहल्ल्यांतल्या प्रत्येक मराठी घरात माझी ये-जा होती. भोसल्यांच्या काळापासून इथे असलेली घरंही होती आणि रेल्वेत नोकरी लागून नागपूरकडून आलेलीही. सगळ्या घरांत मी सरळ आतल्या खोलीपर्यंत जायची. तुला घेऊन पहिली पाच घरं फिरले. पाचही घरांत बायका म्हणाल्या, सगळं छान हाय, सासू चांगली हाय, पोट्टे हिंदी बोलतात तेवढंच दुःख हाय. परत येताना तू रस्त्यातच थांबलीस.

"काकू, उद्यापासून तुम्ही मला दारापर्यंत सोडा आणि घरी जा."

"काहून? मी खाऊन राहिली काय कोणाले?"

"तुम्ही बसलात की त्या तुमच्याकडे बघून उत्तर देतात."

चार दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. चाळीस वर्षं ज्यांच्या पाठीला टेप लावला त्या बायका माझ्यासमोर खोटं बोलतात आणि कालच्या पाहुणीला खरं सांगतात, हे मला गिळलं जात नव्हतं. वर तू काही सांगायचीही नाहीस. मी विचारायची, काय म्हने ती? तू म्हणायचीस, ते सांगायचं नसतं काकू, मी शब्द दिला आहे. मी म्हणायची, तिच्या कमरेचा घेर मले तोंडपाठ हाय अन तू मले लपवते. तू फक्त हसायचीस.

भनपुरीला नेलंस तो दिवस आठवतो. भंडाऱ्याकडच्या बायका तिथे गोदामात धान्य निवडायला येतात, त्यांच्याशी बोलायचं होतं. मला वाटलं, इथे तरी माझा उपयोग होईल, बोली आपलीच आहे. आपण गेलो तर त्यातली एक उठली, पदराने खुर्ची पुसली आणि मला म्हणाली, "बसा मॅडम." तुला नाही म्हणाली, तू खाली पोत्यावर बसली होतीस. येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. तू म्हणालीस, "आज तुम्ही बाहेरच्या झालात."

"अन तू?"

"मी सगळीकडेच बाहेरची. मला सवय आहे."

त्याच बसमध्ये तू एक वाक्य म्हणालीस. आमच्या अभ्यासकांत असं म्हणतात, घरातल्याला दिसत नाही आणि बाहेरच्याला समजत नाही. मी म्हटलं, हे कोणी सांगितलं तुले? घरातल्याले सगळं दिसते. तो मान फिरवते. तू वही काढलीस. मी म्हटलं, हे लिहू नको. तू लिहिलंस. तुझ्या पुस्तकात आहे ते, एका बाईने सांगितलं म्हणून.

आता समोरच्या घराचं.

दिनकर आणि रेखा. तो सरकारी ऑफिसात होता, राजधानी झाल्यावर त्याला वरची जागा मिळाली. रेखा तुमसरची. गल्लीत सगळे तिला रेखाच म्हणायचे, पण ते लग्नातलं नाव. दिनकरने ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. तिचं माहेरचं नाव यमुना. मला माहीत होतं, कारण एकदा मापाला उभी असताना मी तिला रेखा म्हणून हाक मारली आणि तिने ओ दिली नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा दचकली. म्हणाली, "काकू, अजून कधीकधी मले वाटते दुसऱ्या कोणाले बलावून राहिले."

मापाला उभ्या राहिलेल्या बाईचं अंग बोलतं. मला तसं वेगळं काही विचारावं लागत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिच्या दंडावर चार बोटांचे वळ दिसले. मी टेप धरून उभी राहिले. ती म्हणाली, "बाही थोडी लांब करा काकू." मी केली. पुढच्या वर्षी म्हणाली, "कोपरापर्यंत करा, अन मागचा गळा बंद." तेही केलं. माझ्या वहीत दर घराचं पान आहे आणि एकेका बाईचं माप वर्षावर्षाने लिहिलेलं आहे. बाकीच्यांच्या पानावर छाती वाढते, कंबर वाढते. तिच्या पानावर बाही वाढत गेली. शेवटची ओळ अशी आहे: बाही कोपराखाली चार बोटं, पाठ बंद, अस्तर जाड. चैत्रात. रायपूरच्या चैत्रात.

त्या वर्षी ती तुझ्याशी बोलली. तीन दुपारी ती वरच्या खोलीत आली होती, फॉल-पिकोचं निमित्त करून. तू तिचं बोलणं कॅसेटवर घेतलंस. तिसऱ्या दिवशी ती गेल्यावर तू खाली आलीस. मी चहा टाकला, तो तू प्यायली नाहीस.

"काकू, समोरच्या घरात काय चाललं आहे, तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"पाच वर्षं होतील."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"बाह्या लांब शिवल्या."

तू माझ्याकडे पाहिलंस ते मला अजून दिसतं. रागाने पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू मला समजून घेतल्यासारखं पाहिलंस.

तू म्हणालीस, तिच्या भावाला पत्र लिहू या. किंवा ठाण्यात जाऊ. मी दार लोटून घेतलं आणि तुला सांगितलं, जे सांगायचं नव्हतं तेही सांगितलं. "तू दोन महिन्यांनी जाशील पुण्याले. मले इथंच राहाचं हाय, तिलेही इथंच राहाचं हाय. भाऊ येईन, दोन दिवस भांडन, अन तिसऱ्या दिवशी जाईन. मंग चौथ्या दिवशी तिचं काय होईन? अन माझ्या पोट्ट्याचा अर्ज त्याच्याच टेबलावर पडला हाय."

 शेवटी म्हणालीस, "तुम्ही इथल्या आहात. तुम्हाला जास्त कळतं."

हे वाक्य तू पुढे मला तीनदा फोनवर म्हणून दाखवलंस. प्रत्येक वेळी आवाज वेगळा होता. मी आज सांगते सुमेधा, मला जास्त कळत नव्हतं. मी जास्त घाबरलेली होते. तुला त्यातला फरक समजला नाही, कारण तू मला मान देत होतीस.

जायच्या आधी तू नावांचा प्रश्न काढलास. पुस्तकात खरी नावं चालत नाहीत, बायकांना दुसरी नावं द्यायला हवीत, पण उगाच कुठलीही नावं टाकायला जड जातं, असं तू म्हणत होतीस. उपाय मी सांगितला. म्हटलं, माहेरची नावं टाक. इथं कोणालेच माहीत नसतात. माझं माहेरचं नाव द्वारका, माझ्या पोट्ट्यालेही माहीत नाही. तुला ते एवढं आवडलं की तू माझा हात धरलास. म्हणालीस, त्यांचीच नावं त्यांना परत मिळतील.

आपण दोघी किती हुशार होतो बघ. तुला वाटलं, इथल्या बाईने सांगितलं म्हणजे बरोबरच असणार. मला वाटलं, सासरी माहीत नाही म्हणजे जगात कोणालाच माहीत नाही. सून झाले तशी मीही माहेर विसरले, असं म्हणायला हवं. माहेरच्या नावाने ओळखणारी माणसं माहेरी असतात, एवढं साधं दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

तू पुण्याला गेल्यावर सहा महिन्यांनी ती जिन्यावरून पडली. तुला मी कार्ड टाकलं, रेखा जिन्यावरून पडून वारली. तुझा फोन आला. "काकू, खरं?" मी म्हटलं, लोक असं म्हनून राहिले. 

फोनवर तुला सांगितलं नव्हतं, कधीच सांगितलं नाही, ते आता लिहिते. सवाष्ण गेली म्हणून आम्हा पाच जणींना आंघोळ घालायला बोलावलं. पडल्याचा मार ताजा असतो. तो तर होताच. पण दंडावर, पाठीवर, बरगड्यांवर जुने डाग होते, पिवळे पडलेले. ते जिन्याचे नव्हते. पाचही जणींनी पाहिले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. हिरवं ब्लाऊज हवं होतं, तर आठ दिवसांपूर्वी मीच शिवून दिलेलं घरात होतं, घडीही मोडलेली नव्हती. ते मीच तिच्या अंगात घातलं. बाही कोपराखाली आली, पाठ बंद झाली, काही दिसेनासं झालं. बाहेर उभ्या हवालदाराने विचारलं, "कुछ मालूम है क्या अम्मा?" मी म्हटलं, नाही.

तेरावं झालं आणि दिनकर माझ्याकडे आला. हातात पेढ्यांचा डबा. "काकू, पोट्ट्याचं नाव यादीत लागलं बरं. सोमवारपासून पाठवा त्याले." मी डबा घेतला. तो जायला वळला आणि मशीनकडे पाहून म्हणाला, "तुमची ती मापाची वही मोठी जुनी हाय ना काकू. सांभाळून ठेवा. उंदरं लागतात." हसत म्हणाला. त्या दिवसापासून मी वही मशीनच्या खणात ठेवत नाही. गहू भरलेल्या डब्यात ठेवते, तळाशी.

त्याने तिला ढकललं की नाही, मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिते आहे.

तुझं पुस्तक आलं. दीड वर्षाने एका दुपारी तिचा भाऊ वसंतराव दारात उभा राहिला. हातात तेच पुस्तक, आत वर्तमानपत्राचा कपटा खुणेला घातलेला. समोरच्या घरी गेला नव्हता, सरळ माझ्याकडे आला, कारण पुस्तकात ब्लाऊज शिवणारी बाई आहे. त्याने ते पान माझ्यासमोर धरलं.

"काकू, इथं यमुना लिहिलं हाय. तळ्याकाठचं घर, तीन भाऊ, शाळेत कवायतीत पहिली. ही माझी बहीण हाय काय?"

"नाही."

"इथं लिहिलं हाय, ती उन्हाळ्यात लांब बाह्या घाले."

"ती दुसरी बाई हाय. भिलाईची."

"काकू, मी तुमच्या पाया पडतो. एकदा नीट आठवा."

"सांगितलं ना, दुसरी हाय."

तीनदा विचारलं त्याने. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा माझे डोळे त्याच्या मागे गेले. समोरच्या ओसरीवर दिनकर उभा होता, नुसताच उभा, पाण्याचा पेला हातात. वसंतरावाने खिशातून पेन काढलं, माझी वही तेव्हा मी काम करत होते म्हणून मशीनवरच होती, तिच्या शेवटच्या पानावर आपला नंबर लिहिला. "कधी काही आठवलं तर," म्हणाला. तिच्या मापाच्या पानापासून त्याचा हात दहाबारा पानं लांब होता. त्याने वही उलटली नाही.

मी तुला फोन केला. तू ओरडशील असं वाटलं होतं. तू म्हणालीस, "त्यांना मी सांगू शकत नाही. नाव कुणाला कळू देणार नाही असं मी तिला म्हटलं होतं, तिच्याच तोंडावर. ती नाही, म्हणून शब्द संपत नाही. पण तुम्ही तिला कसलाच शब्द दिला नव्हता काकू. तुम्ही जे पाहिलं ते तुमचं आहे."

मी तुझ्यावर भडकले. म्हटलं, तुझा शब्द पुण्यात ठेवून चालते, माझा पोट्टा इथं नोकरी करते. तुले बाहेर बसून धरम पाळता येते.  मी फोन आपटला. अडीच वर्षं आपण बोललो नाही. हे भांडण तसंच राहिलं. आज वाटतं, तुझंही पूर्ण बरोबर नव्हतं. बहिणीसाठी पाया पडणाऱ्या माणसापुढे मेलेल्या बाईला दिलेला शब्द धरून बसणं हेही एक प्रकारचं मान फिरवणंच आहे. हे तुझ्याशी भांडायचं राहून गेलं. तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही, आणि तुझ्याऐवजी मी उत्तर बनवणार नाही.

मग एका दिवाळीला तुझा फोन आला. फराळ, तब्येत, वरच्या खोलीत आता कोण राहतं, सगळं विचारून झालं. फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "काकू, बोललात का?"

"नाही."

"बरं."

त्यानंतर दर दिवाळीला. तेच वाक्य, शेवटी, हळूच. मी चिडायची. एका वर्षी म्हटलं, तू काय वसुलीवाली हाय? तू म्हणालीस, "नाही. मीच तेव्हा तुमचं ऐकलं. म्हणून विचारते." मी कितीही चिडले तरी पुढच्या वर्षी वसुबारसेपासून फोनकडे कान लागलेला असायचा. या गावात मला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. विचारणारं कोणी आहे म्हणजे अजून वेळ आहे, असं मी धरून चालले होते. त्यासाठी मी तुझी आभारी आहे, हे मात्र तू असताना म्हणता आलं नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं, माझी भीती म्हणजे तू बोलशील ही. रोज वाटायचं, उद्या पुण्याहून काहीतरी छापून येईल. तू गेलीस तर ती भीती जायला पाहिजे होती. उलट वाढली. त्या पाच जणींपैकी तिघी गेल्या. चौथीला आता स्वतःचा मुलगा ओळखू येत नाही. तू गेलीस. आता दिनकर निवृत्त झाला आहे, गणपतीच्या मंडळाचा अध्यक्ष आहे, गल्लीत सगळे त्याला भैया म्हणतात. मला रोज सकाळी नमस्कार करतो. मी मेले की यमुनाच्या अंगावरचे डाग पाहिलेलं कोणी उरणार नाही, आणि मग ती खरंच जिन्यावरून पडलेली होईल. याची भीती वाटते. दिनकरची भीती वाटते ती वेगळीच.

तुझ्या भाचीने दुसऱ्यांदा फोन केला. म्हणाली, आत्याच्या कपाटात एक कॅसेट सापडली, बाकीच्या सगळ्या तिने मोडून टाकल्या होत्या, ही एकच ठेवली. वर लिहिलं आहे, यमुना, कुसुमकाकूंना द्यावी. पाठवू की टाकून देऊ? मी म्हटलं, पाठव. तू शब्द मोडला नाहीस. ती चीज माझ्या हातात देऊन निघून गेलीस.

कॅसेट आली तेव्हा सुनेने पाकीट उघडलं. "माँजी, ये क्या पुरानी चीज़ आयी है? इसकी मशीन भी नहीं है घर में। फेंक दूँ?" मी तिच्या हातातून ती हिसकावून घेतली. ती बघतच राहिली. ऐकायला यंत्र नाही ते बरंच आहे. यमुनाचा आवाज ऐकायची माझी छाती नाही. माझं काम डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं आहे. ऐकलेलं तिचा भाऊ ऐकेल.

परवा मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं. त्याने मान खाली घातली. म्हणाला, "आई, काहून करून राहिली आता हे? वीस वर्षं झाली. माझी नोकरी त्याच्यामुळं लागली."

"म्हनूनच."

"लोक मले काय म्हनतील?"

"मले विचारतील. तू ऑफिसात असशील."

तो उठून गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तोही घाबरला आहे. माझाच मुलगा आहे.

मग गव्हाच्या डब्यातून वही काढली आणि शेवटच्या पानावरचा नंबर लावला. वाटलं होतं, लागणार नाही. लागला. मी म्हटलं, रायपूरवरून बोलून राहिली, ब्लाऊजवाली काकू.  मी म्हटलं, त्या दिवशी मी खोटं बोलली. ती तुमचीच यमुना होती. मी तिचं माप घेत होती. मी तिले शेवटची आंघोळ घातली. माझ्याजवळ वही हाय.

तो म्हणाला, "मी तीनदा विचारलं होतं तुम्हाले."

"हव."

"गुरुवारी येतो."

एवढंच. शिवी दिली असती तर मला सोपं झालं असतं.

आज गुरुवार आहे. सकाळी ओटा धुतला, दारातली कपड्यांची गाठोडी आत घेतली. समोर ओसरीवर दिनकर पेपर वाचत होता.

"काय काकू, सकाळपासून झाडणं-पुसणं चालू हाय. कोणी येऊन राहिलं का?"

 मी झाडू भिंतीला टेकवला आणि भिंत धरली.

"हव."

"कोण?"

"यमुनाचा भाऊ."

"कोण यमुना?"

त्याला खरंच आठवलं नाही. क्षणभर खरंच आठवलं नाही, हे मी त्याच्या तोंडावर पाहिलं. म्हणून सांगितलं, "जिचं नाव तू तांदळात बदललं ती."

त्याने पेपरची घडी केली. नीट, कडेला कड लावून. माझ्याकडे पाहिलं, गल्लीच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आत गेला आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज मला इथपर्यंत आला.

मी आत आले तेव्हा चोळी घामाने भिजली होती. पाणी प्यायले. वही मशीनवर काढून ठेवली आहे, तिच्या पानावर खूण घातली आहे. शेजारी तुझी कॅसेट. त्याच मशीनवर कागद ठेवून तुला लिहिते आहे. हे पुस्तकात छापायचं की नाही ते तुझ्या भाचीने ठरवावं. तुम्ही लोक नावं बदलता. मी तिला सांगितलं आहे, माझं बदल, माझ्या मुलाचं बदल, यमुनाचं बदलू नको.

वसंतरावाची गाडी बाराची आहे, म्हणजे आता रिक्षा गल्लीत यायला हवी. समोरची कडी पुन्हा वाजली आहे. दार उघडतं आहे. मला भीती वाटते आहे सुमेधा, अक्षर बघ कसं झालं. खिडकी मी लावलेली नाही.

दिवाळीला तुझा फोन येणार नाही. म्हणून आत्ताच सांगते.

बोलले.